जुन्या गाडीत नवा ईसीयू बसवायचा म्हणजे नक्की काय काय करायचं?

जुनी कार्ब्युरेटरवाली गाडी जपणाऱ्या माणसाला कधी ना कधी हा प्रश्न पडतोच, की कार्ब काढून बाजारात वेगळा मिळणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, टाकावा का. विचारायला गेलं की उत्तरं दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो टाक बिनधास्त, सकाळी एका सेल्फमध्ये स्टार्ट होईल, दुसरा म्हणतो हात लावू नकोस, चालती गाडी घालवून बसशील. मला वाटतं दोघंही आपापल्या जागी खरं सांगतायत. ज्याने वायरिंग आणि मोजमाप आधी नीट केलं त्याची गाडी सुधारली, आणि ज्याने थेट लॅपटॉप उघडून आकडे बदलायला घेतले त्याची बिघडली. असं का होतं ते समजायला फार गणित लागत नाही, फक्त क्रमाने बघावं लागतं.

आधी कार्ब काय करत होता ते बघू

कार्ब्युरेटर हे खरं तर फार सुंदर यंत्र आहे. हवा अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथला दाब कमी होतो आणि त्यामुळे जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल आपोआप ओढलं जातं. हवा जास्त तर पेट्रोल जास्त. ठिणगीचंही तसंच, डिस्ट्रिब्युटरमध्ये स्प्रिंगला अडकवलेली छोटी वजनं असतात, इंजिन जोरात फिरलं की ती बाहेर सरकतात आणि ठिणगी जरा आधी पडायला लागते. कुठे सेन्सर नाही, काही नाही.

अडचण एवढीच की जेटचं भोक बदलत नाही आणि हवा मात्र रोज बदलते. समुद्रसपाटीला हवेचा दाब साधारण १०१ किलोपास्कल असतो, १५०० मीटर उंचीवर तो ८५ च्या आसपास येतो, म्हणजे तेवढ्याच जागेत हवा कमी, पण कार्बला याचा पत्ता नसतो, तो त्या हवेच्या मानाने जास्तच पेट्रोल देत राहतो आणि मग गाडी घाटात काळा धूर काढते, पिकअप जातं. थंड सकाळी उलटं, हवा घट्ट असते, पेट्रोल नीट वाफ होत नाही, आणि त्यासाठी चोक ओढायचा. तो किती ओढायचा हे चालवणाऱ्याच्या हाताला माहीत असतं.

गाडी कंपन्यांनी हा प्रश्न खूप आधी सोडवायला घेतला. बॉशची डी-जेट्रॉनिक ही इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनची, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर पेट्रोल फवारणारी सिस्टिम १९६७ मध्ये फोक्सवॅगन १६०० वर आली, १९७९ मध्ये बॉशच्याच मोट्रॉनिकने बीएमडब्ल्यू ७३२आयमध्ये पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही एकाच डब्यात आणले. पुढे ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघांनी मेगास्क्वर्ट नावाचा ईसीयू बनवून घरी सोल्डरिंग करणाऱ्या लोकांसाठी हा दरवाजा उघडला, आता आर्डुइनो मेगा २५६० या छोट्या कॉम्प्युटर बोर्डवर चालणारा स्पीडुइनो आहे, आणि हॉलटेक, लिंक, मोटेक असे तयार डबेही आहेत. डबा कुठलाही घ्या, आतलं काम तेच.

ईसीयू मोजतो आणि तक्त्यात बघतो, बस

आता हा ईसीयू. तो हुशार असतो असा समज आहे आणि तिथूनच सगळे गैरसमज सुरू होतात. शाळेत लॉग टेबल वापरलेलं आठवतं ना, डावीकडे एक आकडा शोधायचा, वर दुसरा, आणि दोन रेषा जिथे मिळतात तिथला आकडा घ्यायचा. ईसीयू हेच करतो, फक्त सेकंदाला कितीतरी वेळा. एका बाजूला इंजिनचा वेग म्हणजे आरपीएम, दुसऱ्या बाजूला इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला दाब, १६ गुणिले १६ चा तक्ता असेल तर २५६ घरं. वेग आणि दाब दोन घरांच्या मधे असला तर तो आजूबाजूच्या चार घरांवरून मधला आकडा काढतो.

त्या घरात काय लिहिलेलं असतं? सिलिंडरमध्ये जेवढी हवा मावू शकते त्यातली खरोखर किती टक्के आत गेली, त्याचा आकडा. याला व्हीई म्हणतात. २००० सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन घ्या, एका सिलिंडरला ५०० सीसी. पूर्ण अॅक्सिलरेटरला घरात ८० लिहिलं असेल तर आत गेली ४०० सीसी हवा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या किंचित खाली. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने १ भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा लागते, आणि पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा थोडं जास्त पेट्रोल म्हणजे साडेबारा-तेराला १. हिशोब केला की एका वेळी एका सिलिंडरला लागतं ०.०५ सीसीच्या आसपास पेट्रोल, म्हणजे एक थेंब. ६००० आरपीएमला हा थेंब प्रत्येक सिलिंडरला सेकंदात ५० वेळा मोजून द्यायचा असतो. मला अजूनही हे वाचताना थक्क व्हायला होतं.

हा हिशोब करायला त्याला दाब, हवेचं तापमान, इंजिनचं तापमान, अॅक्सिलरेटर किती दाबलाय आणि बॅटरीचा व्होल्टेज एवढं कळावं लागतं. यातलं त्याला स्वतःला काहीच दिसत नाही, तारेवरून जे येतं त्यावर तो डोळे झाकून विश्वास ठेवतो. इंजिन तापलेलं असताना सेन्सरने गार सांगितलं तर तो गारच समजणार आणि जास्त पेट्रोल ओतणार. म्हणून या कामातला सगळ्यात मोठा वेळ तारांमधून खरी बातमी पोचवण्यात जातो.

पिस्टन कुठे आहे हे त्याला कसं कळतं

क्रँक म्हणजे पिस्टनमुळे फिरणारा दांडा, त्याच्या पुलीवर एक दातेरी चाक बसवतात. ३६ दात्यांचं असेल तर दर १० अंशाला एक दाता, आणि त्यातला एक मुद्दाम काढलेला, म्हणून त्याला ३६-१ म्हणतात. ६०-२ पण असतं. अंधारात कंगव्यावरून बोट फिरवा, जिथे दाता तुटलाय तिथे बोटाला लगेच कळतं आणि तिथून पुढे दाते मोजता येतात. समोरचा सेन्सर तेच करतो, त्या रिकाम्या जागेवरून मोजत मोजत ईसीयूला कळतं की एक नंबरचा पिस्टन आता कुठे आहे.

दोन तारांचा चुंबकवाला सेन्सर असेल तर त्याच्या तारा उलट्या लागल्या तरी गाडी बरेचदा स्टार्ट होते, आणि हेच धोक्याचं आहे, कारण मग वेग वाढला की टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, सरकत जातं आणि लॅपटॉपच्या पडद्यावर काहीच चुकीचं दिसत नाही. म्हणून सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० अंशाला लॉक करायचं, टायमिंग लाइट, म्हणजे ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, पुलीवर मारायचा आणि आयडलला (अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू असताना) तसंच ३००० आरपीएमला पुलीवरची खूण त्याच जागी आहे का बघायचं. खूण हलली तर पुढे जायचंच नाही.

आणि ती खूण तरी खरी आहे का? जुन्या गाड्यांच्या बऱ्याच पुल्यांमध्ये आतला भाग आणि बाहेरची रिंग यांच्यामधे रबर असतं, वर्षानुवर्षांनी रबर सैल होऊन बाहेरची रिंग सरकते आणि तिच्यावरची खूण पण तिच्यासोबत सरकते. बॅटरी काढून ठेवायची, प्लगच्या भोकातून पिस्टनला अडवणारा बोल्ट बसवायचा, इंजिन हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवून खूण करायची, मग दुसऱ्या बाजूला फिरवून खूण करायची, दोन्हीच्या बरोबर मधे पिस्टनचं खरं वरचं टोक. अर्धा तास लागतो, पण पुढचा सगळा डोलारा याच्यावर उभा आहे.

पेट्रोलची बाजू

कार्बला पेट्रोल ०.२ ते ०.३ बारने मिळालं तरी पुरतं. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला साधारण ३ बार लागतात, म्हणजे दहापट. जुना पंप, जुने रबरी पाइप, साधे क्लॅम्प यातलं काहीही ठेवायचं नाही, इथे काटकसर केली तर गरम एक्झॉस्टजवळ पेट्रोलचा फवारा उडू शकतो. इंजेक्शनसाठीचे पाइप, जास्त दाबाचा पंप, फिल्टर, रेग्युलेटर आणि टाकीकडे परत जाणारी लाइन. पंपाचा रिले ईसीयूच्या ताब्यात द्यायचा, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप पण बंद. अपघातात हेच जीव वाचवतं. जुन्या टाकीत बरेचदा आत आडवे पडदे नसतात, त्यामुळे टाकी अर्ध्याखाली असताना वळणावर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढतो, त्यासाठी मधे एक छोटी टाकी लावतात.

इंजेक्टर किती मोठा घ्यायचा यात लोक हमखास चुकतात, मोठा घेऊन ठेवू पुढे कामाला येईल म्हणतात. १०० हॉर्सपॉवरच्या चार सिलिंडर पेट्रोल इंजिनला प्रत्येकी मिनिटाला साधारण १६५ सीसी देणारा इंजेक्टर पुरतो, ते पण तो ८० टक्केच वेळ उघडा ठेवून. थोडी मोकळीक म्हणून २०० चा घ्या, ४०० चा कशाला? नळ सोडला की पाणी यायला क्षणभर लागतो तसा इंजेक्टरलाही उघडायला साधारण १ मिलिसेकंद लागतो, बॅटरी उतरलेली असेल तर आणखी जास्त, आणि मोठा इंजेक्टर आयडलला इतका कमी वेळ उघडतो की त्यातला बराचसा वेळ उघडण्यातच जातो. मग आयडलिंग कधीच स्थिर होत नाही.

वायरिंग, आणि त्यातही अर्थिंग

माझ्या स्वतःच्या गाडीत मी दोन आठवडे एका गोष्टीच्या मागे होतो. दिवसा गाडी मस्त चालायची, रात्री आयडलला गुदमरायची. मी तक्त्यातले आकडे बदलत बसलो, रात्री बरं झालं की दिवसा बिघडायचं. शेवटी इंजिन चालू ठेवून नुसते हेडलाइट लावले आणि पडद्याकडे बघत बसलो, तर इंजिनचं तापमान ८५ वरून एकदम ७३ झालं. हेडलाइट बंद, परत ८५. इंजिन एका सेकंदात १२ अंश गार होणं शक्यच नाही.

झालं असं होतं की तापमानाच्या सेन्सरची अर्थची तार मी जवळ पडते म्हणून बॉडीला लावली होती आणि हेडलाइटचा करंट त्याच बॉडीतून परत जात होता. एवढा करंट गेला की बॉडीचा त्या जागचा व्होल्टेज किंचित वर उचलला जातो, ०.२ व्होल्ट सुद्धा पुरतात. या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो, म्हणून व्होल्टेज जास्त दिसला की ईसीयू समजतो इंजिन गार आहे. खिडकीतून उंची मोजताना जमीनच वरखाली झाली तर मोजमाप कसं बरोबर येणार, तसंच.

तेव्हा सगळ्या सेन्सरच्या अर्थच्या तारा ईसीयूच्या सेन्सर अर्थ पिनवरच आणायच्या, दुसरीकडे कुठेही नाही. ईसीयूच्या स्वतःच्या अर्थच्या तारा इंजिन ब्लॉकवर एकाच ठिकाणी, रंग खरवडून. क्रँक सेन्सरची तार जाळीच्या आवरणाची, कॉइलच्या जाड तारांपासून लांब. प्लग रेझिस्टरवालेच, नाहीतर ठिणगीच्या विजेने ईसीयू अधूनमधून रिसेट होतो आणि गाडी उगाच झटका देते. जोड पिळून टेप मारण्यापेक्षा नीट क्रिम्प करा, कारण इंजिनजवळ सगळं सतत हलतं.

तक्ता भरायचा कसा

आता कुठे लॅपटॉप. आणि त्याआधी कॉम्प्रेशन, व्हॉल्व्हचं गॅप, हवेची गळती तपासून घ्या. ज्या इंजिनचा एक सिलिंडर कमी दाब देतो त्याला कुठलाही तक्ता बरा करू शकत नाही, एवढं मनाला समजावून ठेवा.

पेट्रोल बरोबर जातंय का हे एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजून कळतं, त्या सेन्सरला वाइडबँड म्हणतात. पेट्रोल जास्त झालं तर रिच, कमी झालं तर लीन. सपाट रस्त्यावर आरामात चालताना १४.७ च्या आसपास किंवा थोडं लीन, पूर्ण अॅक्सिलरेटरला टर्बो नसलेल्या इंजिनला १२.५ ते १३. एक घर घ्यायचं, इंजिन तिथे स्थिर ठेवायचं, वाइडबँडचा आकडा बघायचा, घरातला आकडा टक्केवारीने बदलायचा, पुढचं घर. गाडी चालवताना लॅपटॉपला हात लावायचा नाही, शेजारी दुसरा माणूस पाहिजे किंवा आकडे लॉग, म्हणजे रेकॉर्ड, करून घरी येऊन बघायचं. जास्त लोडची घरं रस्त्यावर भरूच नका, त्यासाठी डायनो, म्हणजे रोलरवर गाडी जागच्या जागी ठेवून लोड देणारं मशीन, तेच पाहिजे.

एक सापळा सांगतो. वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, ऑक्सिजन मोजतो. एखादा प्लग मिसिंग मारत असेल, म्हणजे अधूनमधून पेटवत नसेल, तर त्या सिलिंडरची न जळलेली हवा तशीच बाहेर येते, सेन्सरला भरपूर ऑक्सिजन दिसतो आणि तो ओरडतो लीन लीन. तुम्ही पेट्रोल वाढवता, प्लग अजून ओला होतो, मिसिंग वाढतं, आकडा अजून लीन. सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला गळती असली तरी आयडलला हेच. आकडा आणि गाडीचा आवाज जुळत नसेल तर मी आवाजावर विश्वास ठेवतो.

टायमिंग म्हणजे झोका

झोक्याला धक्का द्यायची एक वेळ असते. मागे येऊन थांबला की दिला तर झोका उंच जातो, येत असतानाच दिला तर हाताला मार बसतो. पिस्टनचं तसंच आहे. पेट्रोल-हवा एकदम फुटत नाही, आग पसरत जाते, आणि सगळ्यात जास्त दाब पिस्टन वरचं टोक ओलांडून १५ अंशाच्या आसपास गेल्यावर मिळाला तर चांगली ताकद मिळते. ८०० आरपीएमला क्रँक १ मिलिसेकंदात जेमतेम ५ अंश फिरतो, ६००० ला त्याच वेळात ३६ अंश. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी द्यावी लागते. वेगाबरोबर आतली हवा जास्त घुसळली जाऊन आग पण लवकर पसरते, त्यामुळे काही वेगानंतर फार वाढवावं लागत नाही.

ठिणगी फार आधी पडली तर आग पोचायच्या आधीच कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने स्वतःहून पेटतं, टकटक आवाज येतो, तो नॉक. पेट्रोल थोडं चुकलं तर गाडी कुरकुर करते, नॉक मात्र जास्त लोडला काही सेकंदात पिस्टन फोडू शकतो. डायनोवर टायमिंग एकेक अंश वाढवत टॉर्क बघायचा, टॉर्क वाढायचा थांबला की तिथेच थांबून दोन अंश मागे यायचं. नॉक आधी ऐकू आला तर अजून मागे.

"पण ऑटोट्यून आहे ना?"

ऑटोट्यून म्हणजे सॉफ्टवेअरनेच तक्ता भरायचा. आहे तो, आणि आयडलच्या वरची, हलक्या लोडची घरं तो छान भरतो. पण तो वाइडबँडच्या आकड्यावर चालतो, म्हणजे वर सांगितलेला सापळा त्याला पण लागू. टायमिंगला तो हात लावत नाही. दुसऱ्या कुणाचा मॅप, म्हणजे भरलेला तक्ता, घेतला तर तो पहिल्यांदा स्टार्ट करण्यापुरता ठीक, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम, एक्झॉस्ट, इंजेक्टर यातलं एक जरी वेगळं असलं की त्याची घरं तुमची नाहीत.

"पॉवर किती वाढेल?"

नीट सेट केलेल्या चांगल्या कार्बच्या तुलनेत पूर्ण अॅक्सिलरेटरला फार नाही, हे आधीच सांगतो. फरक मधल्या भागात कळतो, घाटात, गारठ्यात, ट्रॅफिकमध्ये, आणि टर्बो लावायचा असेल तर टायमिंग दाबाप्रमाणे बदलता येणं जवळजवळ गरजेचंच आहे. ज्याला गाडी महिन्यातून दोनदा फिरवायची आहे आणि जिचा कार्ब नीट आहे, त्याने माझ्या मते कार्बच ठेवावा. मधला एक रस्ता मला फार आवडतो, आधी फक्त ठिणगी ईसीयूकडे द्यायची, कार्ब तसाच, आणि ते स्थिर झालं की मग इंजेक्शन. काही बिघडलं तर कुठल्या अर्ध्यात शोधायचं हे तरी माहीत असतं. आणि जुन्या गाडीत असा बदल चालतो का, धुराची तपासणी कशी होते, हे नियम प्रत्येक देशात वेगळे आहेत, ते सामान घ्यायच्या आधी बघून घ्या.

"रस्त्यात बंद पडली तर?"

डबा स्वतः क्वचित जातो. जातो तो क्रँक सेन्सर, रिले, कनेक्टर, पंप. पहिल्या दोन गोष्टी डिकीत ठेवा, मॅपची फाइल फोनमध्ये आणि दुसरीकडे पण ठेवा, आणि वायरिंगचा नकाशा कागदावर काढा, कुठल्या पिनला कुठली तार, रंगासकट. पाच वर्षांनी तुम्हालाच आठवणार नाही, आणि दुसऱ्या मेकॅनिककडे तर तो कागद नसेल तर तो बॉनेट उघडून परत लावेल.

सगळ्यात शेवटी थंड स्टार्ट

हे शेवटी येतं कारण गरम इंजिनचा तक्ता बरोबर झाल्याशिवाय याला अर्थ नाही. थंड मॅनिफोल्डच्या भिंतीवर पेट्रोल चिकटून बसतं, कोरडा स्पंज आधी स्वतः भिजतो आणि मग पाणी सोडतो तसं, म्हणून सुरुवातीला जादा पेट्रोल द्यावं लागतं आणि तापेल तसं हळूहळू कमी करावं लागतं. त्याचा तापमानाप्रमाणे वेगळा तक्ता असतो आणि त्यातलं एक घर भरायची संधी दिवसातून एकदाच मिळते, सकाळी, कारण एकदा स्टार्ट झालं की इंजिन रात्रभर गार व्हायची वाट बघायची. मी वहीत तारीख, तापमान, किती सेल्फ मारावा लागला आणि काय बदललं ते लिहीत गेलो. २० अंशाच्या खालची घरं अंदाजाने भरून ठेवली होती, ती बरोबर आहेत का हे हिवाळा आल्यावरच कळलं. तीनपैकी दोन चुकीची निघाली.